उघडता न येणारी वस्तू

आमच्या दुकानाच्या मागच्या अंगाला शेजारच्या काकूंचं कोंबड्यांचं खुराडं आहे. पूर्वी त्याच्यावर तुराट्या आणि फाटकी ताडपत्री असायची. दोन वर्षांपासून सोलरची प्लेट आहे. प्लेट फुटकी आहे. वरच्या काचेला कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा गेल्यात, पण काच पडत नाही. तिच्याखालचा प्लास्टिकचा थर तिला धरून ठेवतो. पाणी गळत नाही, वाऱ्यानं उडत नाही. काकू म्हणतात, "टिनापेक्षा बरी हाय." त्यांच्या लेखी सोलरचा उपयोग एवढाच, आणि तो चोख आहे.

मला मात्र ती प्लेट दिसली की जिवाला चैन पडत नाही. फुटली असली तरी ती मेलेली नाही. एका उन्हाळ्यात दुपारी काम नव्हतं म्हणून मीटर घेऊन मागं गेलो आणि तिच्या दोन वायरींना टोकं लावली. काटा चाळीसच्या पुढं गेला. खाली कोंबडी अंड्यांवर बसलेली, आणि वर ती फुटकी बाई कोणाला न सांगता वीज तयार करत होती. ती वीज कुठंच जात नव्हती. वायरींच्या तोंडांना टेप गुंडाळला, हात झटकले आणि परत येऊन दुकानात बसलो. बराच वेळ काही सुचलं नाही.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या ढाणकीत पंचवीस वर्षं मोटारी भरल्या. आता सोलर पंप बसवतो. धंदा बदलला म्हणजे नेमकं काय बदललं, हे मी अजून धड सांगू शकत नाही. मुलीनं कॉलेजच्या फॉर्मवर 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात आधी 'मोटार वायंडिंग' लिहिलं, मग खोडलं, मग विचारलं, "बाबा, आता काय लिहू?" मी म्हटलं, लिही काही तरी. तिनं 'सौर तंत्रज्ञ' लिहिलं. शब्द वजनदार होता. मी दोनदा वाचला.

मोटार भरणं म्हणजे काय, ते आता सांगावं लागतं. विहिरीवरची मोटार जळते. तिच्या पोटात तांब्याच्या तारेचे गुंडाळे असतात, ते काळे पडतात. ती उघडायची, जळकी तार छिन्नीनं तोडून ओढून काढायची, लोखंडी गाळे खरवडून साफ करायचे, त्यात नवा कागद घालायचा. मग फर्म्यावर नवी तार गुंडाळायची. आमच्याकडं हँडलचं मशीन होतं, त्याच्यावर आकडे फिरायचे. किती वेढे झाले ते आकडे सांगायचे आणि तोंडानं मोजायची सवय तरीही सुटायची नाही. गुंडाळे गाळ्यांत बसवले की ते वर येऊ नयेत म्हणून बांबूच्या काड्या ठोकायच्या. सुताने बांधायचं, व्हार्निश ओतायचं आणि बल्ब लावलेल्या पत्र्याच्या पेटीत वाळायला ठेवायचं. बोअरच्या मोटारीची तऱ्हा वेगळी, तिची तार प्लास्टिकचं अंगडं घालून येते आणि पाण्यातच राहते. पण दोन्हींत तत्त्व एकच: लोखंड तेच, खोकं तेच, दांडा तोच. आतलं जळलेलं काढायचं, नवं घालायचं.

मोटार का जळाली हे मी उघडल्या उघडल्या सांगायचो. पुष्कळदा उघडायच्या आधीच, वासावरून. पाण्याविना कोरडी फिरून जळालेलीचा वास वेगळा. व्होल्टेज कमी असताना ताण काढून काढून जळालेलीचा वेगळा. ती साऱ्या अंगानं करपलेली असते. आणि फेज गेल्यानं जळालेली उघडली की पुष्कळदा एक चित्र दिसायचं: तीनपैकी दोन फेजचे गुंडाळे कोळशासारखे आणि तिसऱ्याचे नव्या नवरीसारखे पिवळेधम्मक. जी फेज गेली तिला काही झालेलं नसतं. जी दोघं राहिली ती तिचं ओझं वाहून मेलेली असतात. तीन भावांच्या घरातले शेतकरी हे बघून हसायचे, आणि हसताना कोणाकडं तरी बघायचे.

दिवाळी झाली की आमचा हंगाम. हरभरा, गहू, हळद, ऊस, सगळ्यांना एकदमच तहान लागते. रात्री लाईन, म्हणजे शेतीची वीज, आली की शिवारातले सगळे पंप एकाच क्षणाला सुरू होतात, कारण जो तो स्टार्टरला ऑटो स्विच लावून घरी झोपलेला. व्होल्टेज बसतं. डीपी तरी जळतो नाही तर मोटारी तरी. सकाळी दुकान उघडायच्या आधी ओट्यावर तीन-चार मोटारी येऊन पडलेल्या असायच्या, एखादी सायकलच्या कॅरियरला बांधलेली, एखादी बैलगाडीतून आणलेली. पैनगंगेच्या अभयारण्यातल्या आणि त्याच्या काठाच्या गावांना आमच्याकडं बंदी भाग म्हणतात. तिथून माणूस पहाटे निघून यायचा आणि मोटार भरून होईस्तोवर दुकानासमोरच बसून राहायचा, कारण दुसऱ्या दिवशी परत येणं परवडणारं नसायचं. त्याला चहा द्यायचा. तो गप्पा करायचा. ढाणकीतलं राजकारण मला त्या ओट्यावर कळलं, आणि जंगलातलं पुष्कळसं ज्ञानही.

थोडक्यात, लोकांची रात्रीची लाईन हे माझं पोट होतं. ही गोष्ट तेव्हा मनाला शिवली नाही. माणूस स्वतःच्या भाकरीखालचा जाळ बघत नाही.

ती शिवली ते मोठ्या भावामुळं. दिवाळी नुकतीच उरकली होती, वावरात हरभरा पेरलेला, लाईन रात्री बाराची. भाऊ दांड फोडायला गेला. घोणस होती. नशीब, की सोबत पुतण्या होता आणि मोटारसायकल होती. भाऊ वाचला. डावा पाय अजून पावसाळ्यात सुजतो आणि तो चालताना किंचित बाहेर फेकला जातो. त्या रात्री विहिरीवर जी मोटार चालू राहिली ती मीच महिन्याभरापूर्वी भरून दिली होती. घाईगडबडीत कोणी बंद केली नाही. सकाळी गेलो तर ती एका सुरात फिरत होती आणि अर्धं वावर तळं झालं होतं. इतकी चांगली भरलेली मोटार मी पुन्हा ऐकली नाही.

*

सोलरचं वारं आमच्याकडं आधी अफवेसारखं आलं. केंद्राची कुसुम योजना २०१९ ची. मग राज्याची 'मागेल त्याला सौर कृषी पंप' आली २०२४ मध्ये: शेतकऱ्यानं दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यानं पाच; अडीच एकरांपर्यंत तीन एचपीचा पंप, पाच एकरांपर्यंत पाचचा, त्याच्या वर साडेसातचा. ओट्यावर यावर खूप चर्चा झाली. "ढग आले मंग काय करता?" हा पहिला प्रश्न. "माकडं नाचतीन त्याच्यावर," हा दुसरा. तिसरा प्रश्न कोणी मोठ्यानं विचारला नाही, पण एका म्हाताऱ्या बापूंनी तंबाखू मळता मळता माझ्याकडं बघून म्हटलं, "मिस्तरी, मंग तुमचं कसं?"

मी त्याच्याही आधीच शहाणा झालो होतो. कुसुमचे पंप दिसायला लागले आणि ओट्यावरच्या मोटारी कमी झाल्या, तेव्हा यवतमाळला एका प्रशिक्षणाला नाव दिलं. तीस जणांत सगळ्यांत म्हातारा मीच. बाकी आयटीआय झालेली पोरं, मिसरूड फुटलेली. पहिल्या दिवशी नागपूरची एक मुलगी शिकवायला आली, माझ्या मुलीपेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी असेल. तिनं फळ्यावर 'ग्रीन जॉब' असा शब्द लिहिला. सांगितलं, की २०१५ साली या कामांसाठी 'स्किल कौन्सिल फॉर ग्रीन जॉब्स' नावाची संस्थाच निघाली, 'सूर्यमित्र' हे प्रशिक्षणही त्याच सुमाराचं. मग तिनं फळ्याचे दोन भाग केले. डावीकडं जुनी, धुराची कामं. उजवीकडं नवी, हिरवी कामं. प्रत्येकाला विचारलं, तुम्ही कुठून आलात. मी म्हटलं, मोटार वायंडिंग. तिनं क्षणभर विचार केला आणि डावीकडं लिहिलं.

राग वगैरे आला नाही. मुलगी हुशार होती, मनापासून शिकवत होती. तिच्या एका तासात मला जेवढं कळलं तेवढं मला वर्षभरात कोणी सांगितलं नसतं. पण परतीच्या एसटीत, आर्णी गेलं, महागाव आलं, तरी तो डावीकडचा शब्द डोळ्यांसमोरून जाईना. मी आठवत होतो: पंचवीस वर्षांत मी किती मोटारी फेकल्या? खरोखर फेकल्या अशा बोटांवर मोजण्याइतक्या. जळकं तांबं भंगारात वजनावर जायचं, वितळून पुन्हा तार व्हायचं, कदाचित पुन्हा माझ्याकडंच यायचं. बांबूच्या काड्या बुरुडाकडून. एकेक मोटार मी चारदा भरली. बापाच्या काळातली मोटार पोरगा घेऊन यायचा. तरी मी डावीकडं. असेलही बरोबर. माझी मोटार शेवटी कोळशावर फिरत होती.

कोळसा आमच्याच जिल्ह्यातला. वणीच्या खाणी. माझे साडू तिथं डंपरवर आहेत. चंद्रपूरचं वीज केंद्र २९२० मेगावॉटचं, राज्यातलं मोठं. त्याच्या पोटात असा कोळसा दिवसरात्र पडत असतो. एकदा लग्नात जेवताना साडू म्हणाले, "तुमचं उन्हाचं जोरात चाललं म्हणजे आमचं काय होईन, सांगा." मी म्हटलं, तुम्हीही या इकडं. ते म्हणाले, "डंपर चालवणाऱ्याला उन्हात काय काम?" आणि पंगतीत बुंदी आली. तो प्रश्न तिथंच राहिला. मी त्यावर पुष्कळ विचार केला, आणि प्रामाणिकपणे सांगतो, मला उत्तर नाही. हिरव्या कामाची जाहिरात करणाऱ्यांनी एकदा वणीच्या पंगतीत बसावं, एवढंच वाटतं.

*

नव्या कामाची पहिली गंमत म्हणजे दिशा. प्लेटांचं तोंड दक्षिणेला करावं लागतं, कारण आपल्या भागात सूर्य वर्षातला बहुतेक काळ दक्षिणेकडून झुकून चालतो. आता दक्षिण म्हटलं की आपल्या माणसाचा चेहरा उतरतो. दक्षिणेला दार नको, दक्षिणेला पाय नको. एका आजींनी मला वावरात थांबवलं, "बावा, जमाची दिशा हाय ते." मी त्यांना म्हटलं, आजी, आपण नाही तोंड करत, काच करते. त्या म्हणाल्या, "काच कोनाची हाय पन?" नारळ फोडून घेतला. तोंड दक्षिणेलाच ठेवलं.

दुसरी म्हणजे माती. आमची काळी कसदार माती पिकाला देवासारखी, पण उभ्या खांबाची वैरीण. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. हात जाईल एवढ्या भेगा. वरवर खड्डा खणून सिमेंट ओतलं तर दोन वर्षांत सगळा सांगाडा नमस्कार करतो. मुरूम लागेपर्यंत खणावं लागतं. हे कोणत्याही पुस्तकात नव्हतं; हे आमच्या घरांच्या कलत्या भिंतींनी शिकवलं होतं. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ आणि कोळसा टाकायचा असतो, ते टाकताना मला दर वेळी साडू आठवतात. हिरव्या कामाच्या पायातही थोडा कोळसा लागतोच.

पाच एचपीच्या पंपाला नऊ-दहा प्लेटा लागतात. त्या उभ्या राहिल्या की त्यांच्याखाली एक सावली तयार होते, आणि ती सावली मला सगळ्यांत जास्त आवडते. विहिरीच्या काठावर एरवी सावली नसते. महिन्याभरात तिथं एक संसार उभा राहतो: आधी बकरी येते, मग पाण्याचं मडकं, मग खाट. एका ठिकाणी तर प्लेटांखाली बाळाची झोळी बांधलेली पाहिली, आणि वर सूर्य पाणी काढत होता. कंपनीच्या माहितीपत्रकात या सावलीचा उल्लेख नाही.

आणि तो क्षण. पहिल्यांदा पंप सुरू करायचा असतो. मोटार दचकत नाही, खाट्कन सुरू होत नाही. ऊन जसं वाढेल तशी हळूहळू सुरात येते. माणूस झोपेतून उठतो तशी. पाइपाच्या तोंडाशी आधी हवा, मग थुंकी, मग धार. शेतकरी नेहमी घड्याळ बघतो. सकाळचे साडेनऊ. त्याला हे खरं वाटत नाही, की पाणी द्यायला ही वेळ असू शकते. बंदी भागातल्या एका भाऊंनी मला नंतर बाजारात गाठलं. मला वाटलं, काही बिघडलं. ते म्हणाले, "काही नाही जी. सांगाचं होतं, आता रातचं निजतो." बस, एवढंच सांगायला थांबले होते.

माझ्या भावाच्या वावरात मी स्वतः बसवला. त्याच्याकडून मजुरी घेतली नाही, पण त्याची जुनी मोटार मी घेऊन आलो. ती दुकानात आहे.

*

मध्ये भाचीच्या लग्नाला वर्ध्याला गेलो होतो. वेळ होता म्हणून मगन संग्रहालय बघितलं. १९३८ च्या डिसेंबरात गांधीजींनी त्याचं उद्घाटन केलं होतं. तिथं जे. सी. कुमारप्पांबद्दल वाचलं आणि मी त्यांच्यावरच अडकलो. हा माणूस लंडनमध्ये शिकलेला हिशेबनीस. मुंबईत धंदा. पुढं अमेरिकेत अर्थशास्त्र शिकून आला, १९२९ मध्ये गांधीजींना भेटला आणि परत आपल्या जुन्या कामाकडं गेलाच नाही. १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला तेव्हापासून वर्ध्याच्या मगनवाडीत तेलघाणी, कागद, गूळ, मधमाश्या, चुली. तिथंच 'मगनदीप' नावाचा दिवा तयार झाला, रॉकेलऐवजी वनस्पतींच्या तेलावर जळणारा. रॉकेल बाहेरून येतं, तेलबी वावरात येते, असा साधा हिशेब. हिशेबनीस तो, हिशेब सोडला नाहीच. फक्त वही बदलली. तुरुंगात असताना त्यानं 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स' हे पुस्तक लिहिलं. साठ्यातली संपत्ती आणि वाहती संपत्ती असा फरक तो करतो: कोळसा, तेल, तांबं, लोखंड हे साठ्यातलं, काढलं की संपलं; झाडं, पाणी, ऊन हे वाहतं.

मी त्या काचेच्या कपाटांसमोर उभा राहून मनातल्या मनात माझी मोटार त्याच्या हिशेबात घालून पाहिली. तांबं साठ्यातलं. पण एकदा खाणीतून आलेलं तांबं मी पंचवीस वर्षं फिरवत ठेवलं, ते वाहतंच नव्हतं का? आणि ऊन वाहतं, त्याच्याइतकं वाहतं दुसरं काहीच नाही. पण ते धरायला मी जी प्लेट लावतो ती फुटली, की थांबली. तिथं वाद घालायला कोणी नव्हतं. कुमारप्पा १९६० साली ३० जानेवारीला गेले, गांधीजींच्याच तारखेला.

धंद्यात अर्ध्यावर वळण घेणं आमच्या जिल्ह्यालाही नवं नाही. यवतमाळचे सुभाष शर्मा आधी रासायनिक शेती करायचे, ती सोडून नैसर्गिक शेतीकडं वळले आणि २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण त्यांचं एक बरं होतं: काम पार बदललं तरी नाव शेतकरीच राहिलं. मला लोक आधी मिस्तरी म्हणायचे. आता पोरं 'सोलरवाले काका' म्हणतात आणि कागदावर मी टेक्निशियन. पैसे मात्र मिस्तरीला रोख मिळायचे. टेक्निशियनला कंत्राटदाराचा कंत्राटदार देतो, आणि तो फोन उचलत नाही.

*

आता मूळ दुखणं सांगतो. प्लेट उघडता येत नाही.

वर काच, खाली पाठ, मध्ये दोन प्लास्टिकच्या थरांत निळ्या-काळ्या चकत्या. हे सगळं कारखान्यात तापवून, दाबून एकजीव केलेलं असतं. ते सुटं होत नाही. सुटं होऊ नये म्हणूनच तसं केलेलं असतं, नाही तर पाणी शिरेल. हे मला कळतं. पाठीवर एक काळी डबी असते, तिच्यात तीन डायोड असतात, ते गेले तर मी बदलतो. त्या दिवशी मला घरी जाताना उगाच बरं वाटतं. कंट्रोलरचं कार्ड गेलं तर ते कंपनीकडं पाठवायचं, दुसरं येतं. गेलेल्याचं काय होतं, कोणी सांगत नाही. आणि काच फुटली, की संपलं. रोही शिंगं घासतात, गारा पडतात, कधी पोरं दगड मारतात, कधी शेजारच्या वावरातला मारतो. "नवीन टाका," असं मी शेतकऱ्याला सांगतो आणि माझाच आवाज मला परका वाटतो. पंचवीस वर्षं लोक ज्या माणसाकडं जळकी वस्तू घेऊन यायचे आणि तो म्हणायचा, "ठेवून जा, होईल," तोच मी.

जी वस्तू उघडता येत नाही ती मला अजून वस्तूच वाटत नाही. ती पाहुण्यासारखी वाटते. घरात आहे, मान आहे, पण घरातली नाही.

पहिली फुटकी प्लेट मी भंगारवाल्याला दाखवली. हे आमचे जुने भाई, माझं जळकं तांबं वर्षानुवर्षं तेच न्यायचे. वजनात थोडं मारायचे, पण माणूस भला. त्यांनी प्लेट उलटीसुलटी पाहिली, टिचकी मारली. म्हणाले, "चौकट काढून द्या, ॲल्युमिनिअम आहे. वायर द्या. काच नको." मी म्हटलं, तुम्ही तर सगळं नेता. ते म्हणाले, "जे कोणी घेतं, ते मी नेतो." या एका वाक्यात त्या धंद्याचं सगळं शास्त्र होतं. पुण्यात कचरा वेचणाऱ्या बायांनी १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली, पुढं २००८ मध्ये त्यांच्या 'स्वच्छ' संस्थेनं महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करायला घेतला, हे मी वाचलं आहे. आमचे भाई एकटेच, हातगाडी घेऊन. फळ्याच्या उजव्या बाजूला त्यांचं नाव सगळ्यांत वर पाहिजे होतं. त्यांना कोणी प्रशिक्षणाला बोलावलं नाही.

प्लेटांबद्दल कायदा आहे. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, त्यात सौर प्लेटाही आल्या. त्या बनवणाऱ्यांनी २०३४-३५ पर्यंत हा कचरा साठवून ठेवावा असं त्यात म्हटलं आहे. वाचून मला हसू आलं. ढाणकीत तरी तो साठा सध्या माझ्याच दुकानात आहे. या प्लेटांचं आयुष्य पंचवीस वर्षांचं धरतात. मी आता ज्या लावतोय त्या साधारण २०५० च्या सुमारास थकतील, म्हणजे माझी साठी उलटून गेल्यावर बऱ्याच वर्षांनी. तेव्हा शिवारात किती असतील, याचा आकडा मी मनातही मांडत नाही.

तरीही पुन्हा रात्रीची लाईन यावी, असं मला एकदाही वाटलं नाही. भावाचा पाय समोर असतो. सकाळी साडेनऊला पाणी देणारा माणूस बघितला की माझी सगळी तक्रार पातळ होते. पण नाहीशी होत नाही. तळाशी बसते, गाळासारखी.

हँडलचं मशीन मी विकलं नाही. त्याच्यावर आता सोलरच्या क्लॅम्पांचे खोके ठेवलेत. कधी बाजाराच्या दिवशी एखादी म्हातारी जळका पंखा पिशवीत घालून घेऊन येते, "भरून देता का बाबू?" मी खोके बाजूला करतो. पंख्याला फार वेळ लागत नाही, अर्धा दिवस. व्हार्निशचा वास सुटला की शेजारचे दुकानदार डोकावतात आणि म्हणतात, आज जुनं काम दिसतंय.

परवा गारा झाल्या. दोन वावरांतून फोन आले. आजच्या तारखेला माझ्याकडं सात फुटक्या प्लेटा आहेत: चार भिंतीला टेकवलेल्या, दोन माळ्यावर, एक खुराड्यावर. त्या घेणारं, उघडणारं, आतलं वेगळं करणारं आपल्या भागात कोणी असेल, तर मला कळवा. ढाणकीत उतरून कोणालाही जुन्या मोटारवाल्या मिस्तरीचं दुकान विचारा.